हिरडी कशी ओळखावी आणि कशी राखावी

दाढ ठणकू लागली की आपण दवाखाना गाठतो, कारण ठणका रात्रभर झोपू देत नाही. हिरडीचे तसे नसते. हिरडीचा आजार बहुतेक वेळा वर्षानुवर्षे न दुखता चालू राहतो आणि दात हलू लागल्यावर लक्षात येतो. तोपर्यंत दाताला धरून ठेवणारे हाड बरेचसे झिजलेले असते आणि झिजलेले हाड आपोआप भरून येत नाही. धुळे, जळगाव, नंदुरबारकडच्या घराघरांत पन्नाशी उलटली की दात जायचेच, असे धरूनच चालतात. परंतु केवळ वय झाले म्हणून निरोगी दात पडत नाहीत. ते किडीमुळे किंवा हिरडीच्या आजारामुळे पडतात आणि या दोन्ही गोष्टी बऱ्याच अंशी टाळता येतात. हिरडी राखायची असेल तर आधी ती कुठे सुरू होते, कुठे संपते आणि नेमके काय काम करते, हे आपल्या स्वतःच्या तोंडात पाहून ओळखता आले पाहिजे. त्यासाठी आरसा, चांगला उजेड आणि थोडी सवड एवढे पुरेसे आहे.

आरशात काय पाहावे

हात साबणाने धुवावेत, साध्या पाण्याने खळखळून चूळ भरावी आणि सकाळच्या उजेडात ओट्यावर किंवा दाराशी आरसा घेऊन बसावे. मागच्या दाढा पाहण्यासाठी मोबाइलचा टॉर्च दुसऱ्या कुणाला धरायला सांगावा. गाल बाजूला ओढण्यासाठी स्टीलच्या चमच्याची पाठ उपयोगी पडते. लाळेमुळे सगळेच चकचकीत दिसते आणि बारकावे हरवतात, म्हणून पाहायची जागा स्वच्छ सुती फडक्याने हलकेच टिपून घ्यावी.

पहिल्यांदा खालचा ओठ दोन बोटांनी धरून खाली ओढावा. समोरच्या दातांखाली दोन वेगळे पट्टे दिसतील. अगदी खालचा पट्टा लालसर, पातळ आणि ओलसर असतो. त्यातल्या बारीक रक्तवाहिन्याही दिसतात. त्याच्या वरचा, दातांना लागून असलेला पट्टा फिकट आणि जाडसर असतो. दोहोंच्या मधून एक नागमोडी रेषा जाते. रेषेच्या खालचे ते ओठाचे आणि गालाचे अस्तर. रेषेपासून दातापर्यंतची ती हिरडी. आता ओठ हळूहळू वरखाली हलवून पाहावा. अस्तर ओठाबरोबर हलते, हिरडी मात्र जागची हलत नाही, कारण ती खालच्या हाडाला आणि दाताच्या मुळाला तंतूंनी घट्ट बांधलेली असते. हे न हलणे फार मोलाचे आहे. बोलताना आणि चावताना ओठ व गाल सारखे ओढ घेत असतात. ती ओढ हिरडीच्या कडेपर्यंत पोचली असती तर कड दातापासून सुटत राहिली असती.

या घट्ट पट्ट्याची रुंदी सगळीकडे सारखी नसते. वरच्या पुढच्या दातांवर ती साधारण चार मिलिमीटर असते, तर सुळ्यामागच्या लहान दाढांपाशी अनेकांच्या तोंडात दोन मिलिमीटरांच्या आसपासच भरते. अरुंद पट्टा म्हणजे आजार नव्हे. मात्र अशा जागी ब्रश जोराने घासला तर हिरडी लवकर खाली सरकते, म्हणून ती जागा ओळखून ठेवावी. टाळूकडच्या बाजूला अशी रेषा शोधू नये, ती तिथे नसतेच. टाळूचे सगळे आवरण हिरडीसारखेच जाड आणि हाडाला चिकटलेले असते.

घट्ट हिरडीच्या पृष्ठभागावर पुष्कळांना बारीक खळगे-खळगे दिसतील. आतले तंतू जिथे पृष्ठभागाला खाली ओढून धरतात तिथे हे खळगे पडतात. ते प्रत्येकाच्या तोंडात नसतात आणि लहान मुलांच्या हिरड्यांवर सहसा दिसत नाहीत, त्यामुळे ते नाहीत म्हणून घाबरण्याचे कारण नाही. पूर्वी स्पष्ट दिसणारे खळगे जाऊन तिथे सुजलेली, गुळगुळीत, चकाकणारी हिरडी आली असेल तर मात्र आत दाह सुरू आहे असे समजावे.

मग नजर अगदी कडेवर आणावी. दाताला लागून असलेला साधारण एक ते दीड मिलिमीटरचा काठ हाडाला बांधलेला नसतो. तो दाताला नुसता चिकटून उभा असतो. निरोगी कड पातळ असते आणि दाताच्या गोलाईने कमानीसारखी वळत जाते. दोन दातांच्या मध्ये हीच हिरडी निमुळती होऊन वर चढते आणि तिथली फट भरून काढते. हिरडीचा आजार बहुधा याच निमुळत्या कोनात पहिल्यांदा दिसतो, म्हणून आरशात सर्वांत जास्त वेळ तिथे द्यावा: कोन टोकदार आहे की बोथट झाला आहे, फिकट आहे की जांभळट, दातांना लागून आहे की फुगून पुढे आला आहे.

रंगाविषयी एक गोष्ट सांगणे मला फार आवश्यक वाटते. पुस्तकातल्या चित्रांत हिरडी गुलाबी दाखवलेली असते आणि आपल्या हिरडीवर तपकिरी किंवा काळसर पट्टे पाहून अनेक जण धास्तावतात, कुणी ते घासून काढायलाही जातात. हे पट्टे त्वचेला रंग देणाऱ्या मेलॅनिन या द्रव्याचेच असतात आणि सावळ्या वर्णाच्या माणसांत ते अगदी सर्वसाधारण आहेत. लहानपणापासून असलेले, दोन्ही बाजूंना सारखे पसरलेले, न सुजलेले काळसर पट्टे निरोगी समजावेत. नव्याने उठलेला, एकाच जागी वाढत जाणारा डाग मात्र दाखवून घ्यावा. उलट बाजूने, हिरडी आणि ओठाचे अस्तर दोन्ही पांढुरके, निस्तेज दिसत असतील तर रक्त कमी असण्याची शक्यता असते. सातपुड्यातल्या आदिवासी वस्त्यांत सिकलसेल हा रक्तातल्या तांबड्या पेशींचा आनुवंशिक आजार आढळतो, त्यामुळे नंदुरबारकडच्या कुटुंबांनी अशा फिकटपणाकडे दुर्लक्ष न करता रक्त तपासून घ्यावे.

न दिसणारा भाग

हिरडीची कड आणि दात यांच्यामध्ये एक अरुंद फट असते. निरोगी तोंडात तिची खोली एक ते तीन मिलिमीटर भरते. या फटीच्या तळाशी हिरडीच्या पेशी दाताच्या पृष्ठभागाला प्रत्यक्ष चिकटलेल्या असतात आणि त्यांच्या खाली तंतूंचा आणखी एक पट्टा मुळाला धरून असतो. हे दोन्ही मिळून साधारण दोन मिलिमीटर उंचीचे बंधन तयार होते, आणि माझ्या मते सगळ्या तोंडातली राखण्यासारखी पहिली जागा हीच आहे. दात हा हाडात रोवलेला असूनही आवरण भेदून बाहेर उघड्यावर येतो. जिथे तो बाहेर येतो तिथे जंतूंना आत उतरायला वाट मिळू शकते, आणि ती वाट हे दोन मिलिमीटरांचे बंधन बंद ठेवते. गावातल्या हापशाभोवतीचा सिमेंटचा ओटा जे काम करतो तेच हे काम आहे: ओटा शाबूत असेल तोवर वरचे सांडपाणी पाइपाच्या कडेने बोअरमध्ये उतरत नाही, आणि ओट्याला भेग पडली की वरून काही कळत नसले तरी आतले पाणी बिघडू लागते.

बंधनाच्या खाली जबड्याचे हाड असते आणि त्यात दाताचे मूळ. मूळ आणि हाड एकमेकांना थेट चिकटलेले नसतात. त्यांच्यामध्ये साधारण पाव मिलिमीटर जाडीचा तंतूंचा पडदा असतो. त्याचे एक टोक मुळावरच्या सिमेंटम नावाच्या थरात आणि दुसरे हाडात रुतलेले असते. चावताना येणारा दाब हे तंतू ओढीत बदलून हाडाकडे पोचवतात. याच पडद्यात दाबाची जाणीव देणाऱ्या नसा असतात. कळण्याच्या भाकरीत रेतीचा एखादा कण राहिला तर पहिल्याच घासाला कचकच जाणवते आणि जबडा आपसूक थांबतो, ते या नसांमुळे. दातांमध्ये आलेला केसाहून पातळ पदार्थही त्यांना कळतो. कवळी बसवलेल्या माणसाला हे भान जवळजवळ नसते, म्हणूनच खरा दात टिकवण्याची धडपड शेवटपर्यंत करावी.

हिरडीतले तंतू निरनिराळ्या दिशांनी विणलेले असतात. काही मुळापासून कडेकडे पंख्यासारखे पसरतात आणि कड ताठ ठेवतात, काही दाताभोवती कडे करून तिला आवळून धरतात, तर काही एका दाताच्या मुळापासून हाडाच्या वरून जाऊन शेजारच्या दाताला बांधतात. याशिवाय हिरडीला रक्तपुरवठा हाडाच्या बाहेरून, हाडाच्या आतून आणि मुळाभोवतीच्या पडद्यातून असा तीन वाटांनी होतो, त्यामुळे हिरडीची जखम झटपट भरते. फटीतून एक पातळ द्रव सतत थोडा थोडा बाहेर झिरपत असतो; तो जंतूंना धुऊन बाहेर काढतो आणि त्याच्याबरोबर जंतूंना गिळणाऱ्या पांढऱ्या पेशीही येतात. म्हणजे निरोगी दिसणाऱ्या हिरडीतही पहारा अखंड चालू असतो. बंधनाच्या पेशी दर काही दिवसांनी नव्याने घडतात. हिरडी बिघडते तशीच लवकर सुधारूही शकते, याचे कारण हेच.

रक्त येते म्हणजे काय होते

दात घासून झाल्यावर काही मिनिटांतच लाळेतल्या प्रथिनांचा पातळ थर दातावर बसतो आणि पुढच्या काही तासांत त्यावर जंतू वस्ती करू लागतात. या चिकट, पांढुरक्या-पिवळसर थराला प्लाक म्हणतात. नखाने दातावर हिरडीच्या कडेजवळ खरवडले तर तो नखावर येतो. चूळ भरून तो जात नाही. काही दिवस तो तसाच राहिला तर लाळेतले क्षार त्यात साठून तो कडक होतो आणि त्याचे कीटण बनते. खालच्या पुढच्या दातांच्या जिभेकडच्या बाजूला आणि वरच्या दाढांच्या गालाकडच्या बाजूला कीटण सर्वांत जास्त साठते, कारण लाळेच्या नळ्या तिथेच उघडतात. आरशात कीटण शोधायचे तर याच दोन जागा आधी पाहाव्यात.

प्लाक कडेशी साठून राहिला की हिरडीतल्या रक्तवाहिन्या रुंदावतात, फटीच्या आतले आवरण पातळ होऊन त्यावर बारीक जखमा होतात आणि ब्रशचा स्पर्श होताच तिथून रक्त येते. १९६५ साली डेन्मार्कमधल्या ऑर्हूस येथे हॅराल्ड लो आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी हे प्रयोगाने दाखवून दिले. निरोगी हिरड्या असलेल्या १२ जणांनी दात घासणे पूर्णपणे थांबवले; दहा ते एकवीस दिवसांत सगळ्यांच्या हिरड्या सुजल्या. घासणे पुन्हा सुरू केल्यावर साधारण आठवडाभरात त्या पूर्ववत झाल्या. या एका प्रयोगात हिरडीच्या काळजीचे बहुतेक सगळे सार आहे. सूज प्लाकमुळे येते, आणि सुरुवातीची सूज प्लाक काढल्याने पूर्ण बरी होते.

म्हणून घासताना रक्त आले तर त्या जागी ब्रश फिरवणे बंद करू नये. बहुतेक जण नेमके तेच करतात: रक्त दिसले की ती जागा सोडून देतात, तिथे प्लाक आणखी साठतो, सूज वाढते आणि रक्त जास्त येऊ लागते. त्याऐवजी मऊ ब्रशने, हलक्या हाताने, पण रोज दोन्ही वेळा तीच जागा अधिक नीट साफ करावी. आठ-दहा दिवसांत रक्त कमी झाले पाहिजे. दोन आठवडे नीट घासूनही ते थांबत नसेल तर आत कीटण असणार, आणि ते ब्रशने निघत नाही.

सूज महिनोन्महिने तशीच राहिली तर अनेकांच्या बाबतीत पुढची पायरी येते. बंधन दातावरून सुटत खाली सरकते, फट खोल होते, हाड झिजू लागते. यालाच आपण पायोरिया म्हणतो. दात लांबट दिसू लागतात, त्यांच्यात फटी पडतात, दाबल्यावर कडेतून पू येतो, तोंडाला वास येतो आणि शेवटी दात हलतो. या पायरीवर आजार थांबवता येतो, परंतु गेलेले हाड बहुतांशी गेलेलेच राहते.

कडेवर घासण्याची रीत

आपण दात घासतो तेव्हा ब्रश दाताच्या फुगीर भागावरून आडवा फिरत राहतो, आणि नेमकी कड तशीच सुटते. भाकरी, काकडी, मुळा, पेरू असे चावून खाण्याचे पदार्थ दात आपोआप स्वच्छ करतात, हा समजही याच कारणाने अपुरा आहे. घास दाताच्या फुगवट्यावरून घसरून थेट घट्ट हिरडीवर जातो आणि कडेचा कोपरा अस्पर्शित राहतो. चावून खाणे चांगलेच आहे, पण ते ब्रशची जागा घेत नाही.

ब्रश मऊ केसांचा आणि लहान डोक्याचा घ्यावा. पेस्ट हरभऱ्याच्या दाण्याएवढी पुरते. ब्रश दातावर सपाट न ठेवता तिरका धरावा, अर्धे केस दातावर आणि अर्धे हिरडीच्या कडेवर येतील असा, केसांची टोके हिरडीकडे रोखलेली. मग जागचा न हलवता दोन-तीन दातांच्या रुंदीत अगदी छोटे, थरथरल्यासारखे हेलकावे द्यावेत, दहा-पंधरा वेळा. त्यानंतर केस हिरडीकडून दाताच्या टोकाकडे वळवून काढावेत आणि पुढच्या दोन-तीन दातांवर जावे. अमेरिकेतले डॉ. बॅस यांनी गेल्या शतकाच्या मध्यावर ही रीत मांडली आणि आजही दंतवैद्य तीच शिकवतात. केसांची टोके फटीत जेमतेम एक मिलिमीटर शिरतात. निरोगी फटीला तेवढे पुरते. ब्रश बोटांच्या चिमटीत धरला तर जोर आपोआप मर्यादेत राहतो, मुठीत धरला की वाढतो. खालच्या पुढच्या दातांच्या आतल्या बाजूला ब्रश उभा धरून घासावे. सर्वांत मागच्या दाढेच्या मागची बाजू बहुतेकांची सुटते. तिथे तोंड अर्धवट मिटावे, म्हणजे गाल सैल पडतो आणि ब्रश आत पोचतो. सगळे मिळून दोन मिनिटे लागतात. केस फाकले की ब्रश बदलावा. एरवी तीन महिन्यांनी बदलावा.

दोन वेळांपैकी रात्रीची वेळ जास्त महत्त्वाची आहे. झोपेत लाळ फार कमी सुटते आणि लाळ हीच तोंडाची स्वतःची धुलाई असते. वैशाख-ज्येष्ठात भुसावळ-जळगावकडे पारा चढतो तेव्हा दिवसभर शेतात किंवा रस्त्यावर राबणाऱ्यांचे तोंड कोरडे पडते. त्या दिवसांत घोट घोट पाणी वारंवार पीत राहावे.

दोन दातांच्या मधली जागा ब्रशने साफ होत नाही. दात एकमेकांना घट्ट लागून असतील तर दातांचा दोरा वापरावा: तो दोन दातांमध्ये हळूच उतरवून एका दाताला लपेटून वरखाली फिरवावा, मग शेजारच्या दाताला. करवतीसारखा खाली ओढला तर तो हिरडीचा कोन कापतो. मध्ये फट पडली असेल तर बारीक, गोल इंटरडेंटल ब्रश अधिक उपयोगी पडतो. जेवणानंतर आगकाडी, टाचणी किंवा बाभळीचा काटा घालून दात कोरण्याची सवय मात्र सोडावी. त्याने प्लाक निघत नाही, आणि हिरडीचा कोन एकदा दबून खाली बसला की तो सहसा परत वर येत नाही.

निंबाच्या किंवा बाभळीच्या काडीने दातण करणाऱ्या आजी-आजोबांना ते सोडायला लावण्याची गरज नाही. टोक चावून चावून अगदी मऊ कुंचल्यासारखे करावे, काडी हिरडीकडून दाताकडे फिरवावी, आणि आतल्या बाजू व मागच्या दाढा दातणाने नीट साफ होत नाहीत हे ध्यानात ठेवून रात्री ब्रश वापरावा. राख, कोळशाची पूड, विटेची पूड आणि खरखरीत राखुंडी यांबद्दल मात्र तडजोड नको. त्यांनी हिरडी खाली घासली जाते, उघडे पडलेले मूळ इनॅमलपेक्षा, म्हणजे दाताच्या वरच्या कठीण कवचापेक्षा, पुष्कळ मऊ असल्यामुळे त्यावर खाच पडते आणि थंड पाण्याच्या घोटाला कळ येते.

लहान मुलांच्या हिरड्या मोठ्यांपेक्षा लालसर आणि कडेला गोलसर असतात. तो आजार नव्हे. मूल सात-आठ वर्षांचे होईपर्यंत एका वेळेचे घासणे घरातल्या मोठ्याने स्वतः करून द्यावे, कारण तोवर मुलाचा हात कडेपर्यंत नीट वळत नाही.

मिसरी, तंबाखू आणि गुटखा

आमच्या भागात याविषयी मोकळेपणाने बोलले पाहिजे. तव्यावर भाजलेल्या तंबाखूची मिसरी अनेक घरांत बायका दात घासण्यासाठी म्हणून बोटाने हिरडीवर लावतात, आणि ती लावल्यावर हिरडी आवळली असे त्यांना वाटते. प्रत्यक्षात निकोटिनमुळे हिरडीच्या रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. त्यामुळे आतून दाह असूनही रक्त येत नाही, सूज दिसत नाही, म्हणजे आजाराची पहिली खूणच झाकली जाते. बिडी-सिगारेट ओढणाऱ्यांचेही तेच होते: हिरडी फिकट, घट्ट दिसते आणि आत हाड झिजत राहते. तंबाखू आणि चुना मळून एकाच जागी दाबून ठेवणाऱ्यांची हिरडी त्या जागी खाली सरकते आणि गालाचे अस्तर सुरकुतते, पांढरे पडते. महाराष्ट्रात २०१२ पासून गुटख्यावर बंदी असली तरी सुपारी आणि तंबाखू खाणे थांबलेले नाही. सुपारीमुळे गालाचे अस्तर कडक होत जाते, तोंड कमी उघडू लागते आणि शेवभाजीचा नेहमीचा रस्साही झोंबू लागतो. एरवी सहज खाल्ले जाणारे तिखट अचानक सहन होईनासे झाले, तोंडात तीन बोटे उभी मावेनाशी झाली, पुसून न निघणारा पांढरा किंवा लाल चट्टा दिसला किंवा दोन आठवड्यांत न भरणारी जखम झाली, तर त्याच आठवड्यात डॉक्टरांना दाखवावे. हे कर्करोगाआधीचे बदल असू शकतात.

शरीराच्या इतर गोष्टी

मधुमेह आणि हिरडी यांचा संबंध दोन्ही बाजूंनी आहे. साखर वाढलेली राहिली तर हिरडीचा आजार बळावतो आणि जखम भरायला वेळ लागतो. हिरडीतला दाह कमी केला तर साखर आटोक्यात ठेवायलाही मदत होते. गरोदरपणात संप्रेरके बदलल्यामुळे थोडासा प्लाकही हिरडीला जास्त सुजवतो. अशा वेळी घासणे टाळू नये, आणि दातांची सफाई करून घ्यायची असल्यास चौथ्या ते सहाव्या महिन्यात ती सोयीची पडते. रक्तदाबासाठीची ॲम्लोडिपिन आणि फेफऱ्यासाठीची फेनिटॉइन ही औषधे काहींच्या हिरड्या वाढवतात. औषध स्वतःहून बंद न करता लिहून देणाऱ्या डॉक्टरांना ते सांगावे. क जीवनसत्त्वाच्या तीव्र अभावाने हिरड्यांतून रक्त येते हे खरे, पण रोजच्या आहारात लिंबू, आवळा, पेरू असणाऱ्यांच्या बाबतीत रक्त येण्याचे कारण बहुधा प्लाकच असते, आणि गोळ्या घेऊन तो निघत नाही. घासणे नीट असूनही हिरड्यांतून आपोआप रक्त वाहत असेल, अंगावर निळे डाग उठत असतील, ताप किंवा थकवा असेल, तर दातांच्या आधी रक्ताची तपासणी करून घ्यावी.

अक्कलदाढ अर्धवट उगवली की तिच्यावर हिरडीचा एक पदर राहतो आणि त्याखाली अन्न अडकून सूज येते. पेलाभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ घालून गुळण्या केल्यास आराम पडतो. तोंड उघडेनासे झाले, गिळताना त्रास होऊ लागला किंवा ताप आला तर त्याच दिवशी दवाखान्यात जावे. ठणका थांबावा म्हणून हिरडीवर लवंगेचे निखळ तेल चोळणे, दुखण्याची गोळी कुटून ठेवणे किंवा तंबाखूची चिमूट दाबणे, या तिन्ही उपायांनी हिरडी भाजते.

दवाखान्यात काय करून घ्यावे

दात साफ करून घेतले की ते ढिले होतात, ही समजूत खान्देशात इतकी खोलवर आहे की तिच्यापायी लोक अनेक वर्षे उपचार लांबवतात. तिच्यामागे एक खरे निरीक्षण आहे, फक्त अर्थ चुकीचा लावला जातो. हाड आधीच झिजलेले असते आणि कीटणाचा जाड पट्टा दातांना एकमेकांशी जोडून धरतो. तो काढला की दाताचे मूळचे हलणे उघड होते. सूज उतरल्यामुळे हिरडी खाली बसते, फटी दिसू लागतात आणि उघड्या मुळांना काही दिवस थंड-गरम लागते. कीटण तसेच ठेवले असते तर दात टिकला नसता, तो आणखी लवकर गेला असता. सफाईच्या उपकरणाचे टोक कंपन पावून कीटण फोडते. ते दाताचे कवच सोलत नाही.

सफाईआधी एक गोष्ट आवर्जून मागावी, ती म्हणजे फटींचे मोजमाप. डॉक्टर मिलिमीटरच्या खुणा असलेली बोथट सळई कडेच्या आत हलकेच घालून प्रत्येक दाताभोवती सहा ठिकाणी खोली मोजतात. तीनपर्यंतचे आकडे बरे. चार किंवा त्याहून जास्त आकडे आले आणि तिथून रक्तही आले, तर आत मुळापर्यंत सफाई लागेल. एक्स-रेवरून हाड किती उरले आहे तेही कळते. जिल्हा रुग्णालयांत दंतविभाग असतो, आणि दंत महाविद्यालयाच्या रुग्णालयात विद्यार्थी शिक्षकांच्या देखरेखीखाली कमी खर्चात ही कामे करतात. तिथे वेळ जास्त जातो, पण मोजमाप बहुधा सविस्तर होते.

मोजमापाचा कागद किंवा त्याचा फोटो स्वतःजवळ ठेवावा. मुळापर्यंतची सफाई झाल्यावर दीड ते तीन महिन्यांनी तेच आकडे पुन्हा घ्यायला सांगावे आणि जुन्या कागदाशी ताडून पाहावे. पाचाचे तीन झाले असतील तर बंधन पुन्हा धरू लागले आहे आणि घरचे घासणे योग्य चालले आहे. एखाद्याच जागी आकडा उतरला नसेल, तर आरशात आधी तीच जागा पाहावी आणि ब्रश तिथे कसा पोचतो ते डॉक्टरांसमोर करून दाखवावे.